दोरा कापला, दुखणं राहिलं

माझे बाबा खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. तरुणपणी सावंतवाडीकडून डिचोलीला आले, ट्रक शिकले, लग्न केलं. भाड्याच्या एका खोलीत आम्ही तिघं राहिलो. मग खाण बंद पडली. मालकाच्या अंगणात ट्रक उभा राहिला तो राहिलाच, चाकांमधून गवत वर आलं. बाबांची कंबर तोवर गेलेलीच होती, आता उमेदही गेली. आई काजूच्या कारखान्यात जाऊ लागली. काजूच्या टरफलाचं तेल फार वाईट, लागेल तिथली कातडी भाजून सोलवटते. आईची बोटं कायम काळी, साली निघालेली. आमटीभात कालवताना झोंबायचं म्हणून ती चमच्याने जेवायची. शेजारणी म्हणायच्या, "बगा, मडम चमच्यान जेवता!" आई हसायची. मी एकदा विचारलं, दुखतं हे सांगत का नाहीस कोणाला? म्हणाली, "सांगलंय तर उद्याच्यान माका घरी बसवतीत."

त्या हातांनी तिने मला कॉलेजात घातलं. दोन बस बदलून जायचे. बी.कॉम. झाले, डिचोलीच्याच औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत अकाउंट्सला लागले. माहेरी आणि सासरी, दोन्ही घरांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मिरवते. मिरवण्यासारखं आहे म्हणून मिरवते.

हे सगळं आधी सांगायचं कारण एवढंच, की दुखणं गिळायचं कसं हे मी आईकडून शिकले होते. आणि माझ्या बाळंतपणात मला सगळ्यात जास्त नडलं ते हेच शिक्षण.

टक्-टक्

लग्न होऊन मी पेडणे तालुक्यात पार्से गावात आले. नवरा, संदेश, वास्कोला बंदरात क्रेनवर आहे. तिकडेच मित्रांबरोबर खोली करून राहतो, शनिवारी येतो, सोमवारी पहाटेच्या बसने जातो. घरात मी आणि सासू. तिला मी मांय म्हणते, इकडे सासूला तसंच म्हणतात. मांयचा मोगऱ्याचा आणि अबोलीचा छोटा मळा आहे. ती सकाळी कळ्या काढते, फाती म्हणजे फुलांच्या माळा गुंफते आणि म्हापशाच्या बाजारात पाठवते. तिच्या हाताला कायम फुलांचा वास.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण माहेरी खोली एक, तीत बाबा अंथरुणावर, आई कारखान्यात. मांयच म्हणाली, "हयसर ऱ्हव गो. तुज्या आवशीचे हात मोकळे नाय, माजे आसत."

तन्वी जन्मली तेव्हा सगळं ठीक होतं. वजन चांगलं, रडणं खणखणीत. पाजायला घेतली आणि माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. कळा सोसून आलेली बाई मी, मला वाटलं होतं दुखण्याचं खातं बंद झालं. हे वेगळंच होतं. चिमट्यात धरून पिळल्यासारखं. ती तोंड लावायची तेव्हा मी पायाची बोटं आवळून घ्यायचे आणि श्वास रोखायचे. पिताना तिच्या तोंडातून टक्-टक् आवाज यायचा, दूध ओठाच्या कोपऱ्यातून गळायचं. तासभर पिऊनही ती उपाशी. पिऊन झाल्यावर माझं बोंड सरळ बाहेर यायचं नाही, तिरकं चेपलेलं असायचं, नव्या लिपस्टिकच्या टोकासारखं.

मी शब्द लपवणार नाही. बोंडाला चीर पडली, चिरेतून रक्त आलं. ज्यांना हे वाचायची लाज वाटते त्यांनी पान उलटावं. जिला हे होतंय तिला वाचू द्या.

बाळंत झाले त्याच खाजगी दवाखान्यात, घरी यायच्या आधी दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी बाळाच्या तोंडात बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, पहिलटकरणींना होतंच, सवय होईल. शेजारच्या लीलाकाकी बाळ बघायला आल्या आणि बाळाऐवजी मलाच बघत बसल्या.

"इतक्या शिकलंस, कंपनीचे हिशेब करतंस, नि पोराक पाजूक येना नाय तुका?"

"काकी, कॉलेजात ह्येचो पेपर नव्हतो," मी म्हटलं.

त्या गेल्यावर मी रडले. पण त्यांच्या तोंडावर उत्तर दिलं होतं, याचं बरं वाटलं.

घरी तपासायला आलेल्या नर्सबाईंच्या काट्यावर तन्वीचं वजन जन्माच्या वेळेपेक्षा बरंच कमी भरलं. त्या दुपारी ती भुकेने आकांत करत होती तेव्हा मी मोबाइलचा टॉर्च लावून तिच्या तोंडात बघितलं. एवढी ओरडतेय, पण जीभ खालीच. टोक मधोमध खेचलेलं, पत्त्यांतल्या बदामासारखं. जिभेखाली पांढरा दोरा ताणलेला.

मी संदेशला फोन केला. "उद्या पणजीला जातेय. तू वास्कोहून थेट तिकडे ये."

बस देवळाकडून जाते

खरी लढाई उंबऱ्यावर होती. सोयर फिटलं नव्हतं, बारसं व्हायचं होतं. सोयरातली बाळंतीण घराबाहेर पडत नाही.

"सोयरात भायर?" मांय दारातच उभी राहिली. "बस देवळाकडसून जाता गो!"

"देवळाकडून जाते, मांय. देवळातून नाही."

"लोक काय म्हणतीत?"

"म्हणू देत. चेडू सुकत चाललंय, तेका लोक पाजूक येणत नाय."

मांय आत गेली. मला वाटलं रागावली. ती लुगडं बदलून, हातात पाण्याची बाटली घेऊन बाहेर आली. तन्वीला पदराखाली घेतलं आणि माझ्या पुढे चालू लागली. देवळापाशी बस वळली तेव्हा तिने डोळे घट्ट मिटून घेतले. मग एक डोळा उघडून बघितलं, देऊळ गेलं की नाही.

पणजीच्या डॉक्टरीणबाईंनी पहिली गोष्ट केली ती ही, की मला म्हणाल्या, "बसा. आधी माझ्यासमोर पाजा बघू." इतके दिवस सगळे मला सांगत होते. बघत कोणी नव्हतं. त्या बघत होत्या, आणि माझी पायाची बोटं आवळलेली त्यांना दिसली.

"हे दुखणं तुम्ही रोज सोसताय?"

मी मान हलवली. बोलले असते तर फुटलेच असते.

त्यांनी तन्वीच्या जिभेखाली बोट फिरवलं. टंग-टाय, म्हणाल्या. जीभ खालच्या बाजूला आखूड दोऱ्याने बांधलेली. जीभ पुढे येत नाही, वर उचलली जात नाही, म्हणून बाळ हिरड्यांनी चावून दूध काढायला बघतं. ऐकलं आणि पहिला विचार आला तो आनंदाचा, सांगायला लाज कशाला वाटायला हवी? म्हणजे मी खोटारडी नाही. मला येत नाही असं नाही. कारण सापडलं, आणि कारणाला नाव आहे.

दोरा कापायला काही क्षणच लागले. मांय बाहेरच्या बाकावर देवाचं नाव घेत होती. संदेश आत थांबला, आणि कात्री दिसल्याबरोबर पांढराफटक पडून खुर्चीत बसला. बंदरात डोक्यावरून कंटेनर फिरवणारा माणूस! सिस्टर त्याला म्हणाली, "तुमका पाणी दिवूं?" कापसाच्या बोळ्यावर रक्ताचे दोन ठिपके. लगेच तन्वीला माझ्या अंगावर लावलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जीभ सुटली. पण तिला अजून जीभ वापरायची सवय नाही. शिकायला वेळ लागेल. तुमच्या जखमा भरायलाही."

हे वाक्य आमच्यापैकी एकानेही ऐकलं नाही. जीभ सुटली एवढंच कानात घेऊन आम्ही घरी आलो. मांयने वाटेत म्हापशाला पेढे घेतले.

झालं ना आता?

दुसऱ्या दिवसापासून आणखी दुखायला लागलं.

तन्वीची जीभ हुळहुळलेली, ती कधी जोरात चावायची, कधी तोंड लावून लगेच किंचाळत बाजूला व्हायची. जिभेखाली जिथे कापलं तिथे पांढरट पिवळा डाग आला. मांयला वाटलं पू झाला. ती हळद आणि मध घेऊन आली. मी तिचा हात धरला. एवढ्या लहान बाळाला मध द्यायचा नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. फोन लावला तर कळलं, पू नव्हे, जखम भरतानाचा रंग तो.

"मगे आता काय चुकता?" मांय विचारायची. संदेश फोनवर विचारायचा, "कापलं ना? मग?" आईला कारखान्यातल्या बायका विचारायच्या. ऑपरेशन झालं, म्हणजे बरं व्हायलाच हवं. नाही झालं तर दोष कोणाचा? उरले मीच.

एका सकाळी तन्वीने दूध ओकलं आणि त्यात लाल धागे होते. रक्त. मी तिला तशीच उचलून अंगणात पळत आले, "मांय, मांय" एवढंच तोंडातून येत होतं. मांयच्या मांडीवरच्या कळ्या सगळ्या अंगणभर. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमच्या बोंडाला चीर आहे ना? ते तुमचं रक्त आहे. तिने गिळलं, तिने ओकलं. तिला काही झालेलं नाही."

मी अंगणातल्या पायरीवर बसले. माझी मुलगी माझं रक्त पीत होती, आणि ही चांगली बातमी होती.

त्या शनिवारी संदेश पावडरच्या दुधाचा डबा घेऊन आला. त्याने तो मेजावर ठेवला.

"म्हणजे तुझंही ठरलं, मला जमत नाही?" मी ओरडले.

"माझं काही ठरलेलं नाही. मला तुझा आवाज ऐकवत नाही फोनवर, बस."

"मग फोन करू नकोस!"

तो बाहेर जाऊन माडाला टेकून उभा राहिला. मी थोडा वेळ डब्याकडे बघितलं. मग पाणी उकळलं, वाटी-चमचा उकळला आणि डबा उघडला. तन्वी पोट भरून झोपली, जन्मल्यापासून पहिल्यांदा तशी झोपली. डब्याचं दूध पाजणाऱ्या बाईला कोणी नावं ठेवत असेल तर त्याला माझ्याकडे पाठवा. मी दिलं आहे, गरज होती म्हणून दिलं आहे, परत वेळ आली तर परत देईन.

पण मला सोडायचं नव्हतं. का, असं मला पुष्कळांनी विचारलं. मोठं कारण नाही. मला ते हवं होतं. माझं आणि तिचं काहीतरी सुरू झालं होतं आणि ते माझ्या हातून कोणीतरी काढून घेत होतं. आमच्या घरातलं आजवर पुष्कळ काही असंच गेलं, कोणी विचारलं नाही. हे मी जाऊ देणार नव्हते.

मोगरा

मग ताप आला. एक बाजू दगडासारखी घट्ट, लाल, हात लावला तरी जीव जाई. डॉक्टरीणबाईंनी औषध लिहून दिलं आणि बजावलं, दूध काढत राहा, साचू देऊ नका. पण तापात माझ्यात ताकद नव्हती. त्या बाजूने पाजायचं मी टाळू लागले. डब्याचा आधार होताच.

मांय माझ्या उशाशी बसायची. एका दुपारी तिने ओल्या मऊ फडक्यात मोगऱ्याच्या ताज्या कळ्या घेतल्या, थोड्या चुरल्या आणि माझ्या छातीवर दोन्हीकडे बांधल्या. जखमेला लागणार नाही अशा बेताने, हलक्या हाताने. गार वाटलं. किती दिवसांनी तिथे काहीतरी बरं वाटलं होतं. मी डोळे मिटले. "बरा वाटता?" तिने विचारलं. मी म्हटलं, "खूप."

सकाळ-संध्याकाळ ती कळ्या बदलू लागली. ताप उतरला. घट्टपणा गेला. मला वाटलं, औषधाने गुण आला. दुखणंही कमी झालं, कारण तन्वी तोंड लावून लगेच सोडून देत होती. मी तिला म्हणायचे, शहाणी झाली गो माझी बाय, थोडक्यात पोट भरतं तिचं.

त्या रविवारी संदेशला जादा पाळी लागली, तो वास्कोलाच राहिला. आई आली. मला आंघोळ घालायला म्हणून तिने फडकं सोडलं, आणि कळ्या तिच्या त्या काळ्या बोटांमध्ये आल्या. तिने त्या नाकाशी नेल्या. तिचा चेहरा बदलला.

"ही कोणी बांदली?"

"मांयने. गार वाटतं."

"कधीपासून?"

"ताप होता तेव्हापासून."

आई हळूच म्हणाली, "मोगरो दूध आटवता गो. पोर गेलेल्या बाळंतणीक बांदतत ही फुलां."

मी हाताने दाबून बघितलं. दोन थेंब. पुन्हा दाबलं. तेवढेच.

आयुष्यात कधी आवाज न चढवलेली माझी आई स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. "विहीणबाय," ती म्हणाली, "माज्या चेडवाचा दूध तुमी आटवलात. तुमका ठावक नव्हता, असा म्हणू नकात. फुलांच्या घरातली तुमी."

मांय चुलीपाशी होती. तिने मागे वळून बघितलं नाही.

"ठावक हुता," ती म्हणाली. "म्हणानच बांदलंय."

मी ओल्या केसांनीच तिथे गेले होते. रागाने मला नीट दिसतही नव्हतं. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल, चुकून झालं म्हणेल. मांय वळली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"चेडू तोंड लावता नि तुज्या तोंडावयलो रंग जाता. ता माका बगवत नाय. डब्यार पोरां वाडतत. संदेशाच्या आदी माका एक चेडू झाला हुता. चार दीस जगला. मगे छाती भरान इली, नि पिऊक पोर नाय. मी वरडा-वरडान अर्धी झालंय. आवशीन ह्योच कळ्यो बांदल्यान, तेवा सूट गावली. दुखण्यातसून सुटका ती येकच माका म्हायत. तुका सूट व्हयी म्हणान बांदलंय."

आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. त्या मुलीबद्दल मला कोणी सांगितलं नव्हतं. आई दाराला धरून उभी होती, ती खाली बसली.

कथेत असतं तर मी मांयला मिठी मारली असती. मी मारली नाही. मी म्हटलं, "मांय, तुजा ग्येला हुता. माजा पाळण्यात आसा."

ती पदराने डोळे पुसू लागली. मी थांबले नाही.

"दूध माजा. आटवचा तर मी आटवतलंय. माका न विचारता कोणी नाय. तू नाय, संदेश नाय, डॉक्टर पण नाय."

कळ्या मी स्वतः नेऊन माडाच्या आळ्यात टाकल्या. मोगऱ्याने किती आटलं आणि मी पाजायचं टाळलं त्याने किती, हे सांगता येत नाही. डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या, दोन्हीने. पण मोगऱ्याचं मला कळू दिलं नव्हतं, राग त्याचा होता. वाचणाऱ्या बायांनो, तुमच्या अंगावर कोणी काही बांधलं, लावलं, पाजलं, तर विचारा. प्रेमाने बांधलं असेल तर आधी विचारा, कारण तेव्हाच आपण विचारत नाही.

वाटी

पुन्हा पणजी. यावेळी सोयराचा प्रश्न नव्हता. तरी मांय आली नाही आणि मी तिला विचारलंही नाही. आईने कारखान्यात खाडा केला आणि माझ्याबरोबर आली.

तिथल्या सिस्टरने मला खाटेवर मागे रेलून अर्धं झोपायला लावलं. तन्वीला पालथी माझ्या पोटावर ठेवली, पोटाला पोट. म्हणाली, तू तिच्या तोंडात कोंबू नकोस. तिला शोधू दे. जांभई देते एवढं मोठं तोंड उघडेपर्यंत थांब, आधी हनुवटी टेकू दे, मग जवळ घे. आणि दुखलं तर सोसू नकोस. करंगळी तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत घाल, सोडव, परत लाव.

"परत लाव म्हणजे किती वेळा?"

"जितक्या वेळा दुखेल तितक्या."

आई बाजूच्या खुर्चीत बसून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "सोसू नको असा आमका कोणी सांगलाच नाय गो." सिस्टर हसली. आई हसली नाही.

घरी सुरू झालं ते शुद्ध काम होतं. आधी अंगावर लावायची. मग हाताने दाबून वाटीत दूध काढायचं. मग ते तिला बोंडल्याने पाजायचं. बोंडलं म्हणजे चोच असलेलं ते छोटं भांडं, जे आपल्या सगळ्यांच्या घरी माळ्यावर असतं. उरलेली भूक डब्याने भागवायची. वाटी घासायची. तोवर तिची पुन्हा वेळ. पहिले काही दिवस वाटीचा तळही झाकत नसे. मी तळाकडे बघून शिव्या द्यायचे, कॉलेजात शिकलेल्या सगळ्या.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मांय खोलीच्या दारात आली. हातात गरम पाण्यातून पिळलेलं फडकं. "ह्या लावून बगूया?" ती म्हणाली. आणि थांबली. आत आली नाही. माझ्या उत्तराची वाट बघत उभी राहिली.

"लाव," मी म्हटलं.

ती शेक द्यायची, मी दूध काढायचे, बोंडलं ती धरायची. माफी तिने मागितली नाही, मी मागून घेतली नाही. फुलांचं सगळं काम मात्र तिने खोलीच्या खिडकीखालून उचलून मळ्याजवळच्या मांगराच्या, म्हणजे अवजारं ठेवायच्या खोपटाच्या, सावलीत नेलं.

लीलाकाकी एकदा पुन्हा आल्या. "ऑपरेशन करून पण वाटयेनच पाजतंत? मगे जीभ कापलास कित्याक?"

मी तोंड उघडायच्या आत मांय म्हणाली, "लीला, ह्या पोराची जीभ आमी सोडवलंव. तुजी कोणीतरी बांदूक व्हयी."

काकी त्या दिवशी चहासुद्धा न घेता गेल्या. मी इतकी हसले की अंगावरची तन्वी हलू लागली.

बरं होणं सरळ झालं नाही. एका दिवशी वाटी अर्धी, दुसऱ्या दिवशी पुन्हा तळ. चीर भरत आली आणि एका वाईट पाजण्याने पुन्हा उघडली. दोनदा मी संदेशला फोनवर सांगितलं, उद्यापासून बंद. दोन्ही वेळा तो म्हणाला, "बंद तर बंद. तू सांगशील तसं." दोन्ही वेळा सकाळी मीच पुन्हा सुरू केलं. त्याचं ते 'तू सांगशील तसं' मला फार उपयोगी पडलं. आडवा आला असता तर भांडण्यात शक्ती गेली असती.

मग एक दुपार. मांय बाहेर फणसाचे गरे काढत होती, घरभर वास. मी रेलून झोपले, तन्वीने तोंड मोठं उघडलं, मी तिला जवळ घेतलं आणि सवयीने पायाची बोटं आवळून वाट बघत राहिले. दुखणं येईना. ओढ होती, पण चिमटा नव्हता. टक्-टक् नव्हतं. गळ्यातून घोट जाताना ऐकू येत होता, एक, थोडं थांबून दुसरा. मी हलले नाही. हलले तर बिघडेल अशी भीती. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, पायाची बोटं मी अजून आवळूनच धरली होती. सोडली.

"मांय," मी हाक मारली, पण हळूच. "गो मांय, बग."

ती चिकट हात वर धरून दारात आली, बघितलं, आणि तेच हात डोळ्यांना लावायला गेली. फणसाचा चीक! पुढची पंधरा मिनिटं मी पाजत होते आणि ती पापण्यांना तेल चोळत मला आणि फणसाला मिळून शिव्या देत होती.

आतली कडी

रजा संपली आणि मी डिचोलीला कामावर परत गेले. दिवसा मांय तन्वीला सांभाळते. मला दिवसातून दोनदा दूध काढावं लागे, नाहीतर पुन्हा गाठ, पुन्हा ताप. मी साहेबांना जाऊन स्पष्ट सांगितलं. मला एक खोली हवी, दार आतून बंद होणारी, थोडा वेळ.

साहेब खिडकीकडे बघत म्हणाले, "बाथरूम आहे ना, मॅडम?"

"तुम्ही तुमचा डबा बाथरूममध्ये खाता का, सर?"

पलीकडच्या टेबलावरच्या डिस्पॅचच्या मॅडम फाइलमध्ये तोंड खुपसून हसत होत्या. दोन दिवसांनी जुन्या फाइलींच्या खोलीला आतून कडी बसली. आता तिथे माझ्यानंतर बाळंत झालेली दुसरी एक मुलगीही जाते. ती कुजबुजत विचारायला आली होती, "तुम्ही त्यांना हे सांगितलंत तरी कसं?" मी म्हटलं, तोंडाने.

हे लिहिते आहे ते अशाच कोणीतरी कुजबुजणाऱ्या बाईसाठी. दोरा कापून आणलाय, सगळे पेढे खाऊन मोकळे झालेत आणि तुला अजून दुखतंय. तू खोटं बोलत नाहीस. बाळाच्या जिभेला आणि तुझ्या जखमेला वेळ लागतो. पाजताना प्रत्यक्ष बघेल अशा माणसाकडे जा. दुखतं हे मोठ्याने सांग. चालू ठेवायचं तर ठेव, थांबायचं तर थांब, दोन्हीत तू आई आहेस. फक्त ठरवायचं तू.

तन्वी आता वर्षाची होत आली. सुरुवातीला डब्याचं दूध दिलं, ते वर लिहिलं आहेच. पुढे डबा सुटला, आणि सहा महिन्यांची होईपर्यंत ती माझ्या दुधावर वाढली. आता नाचणीची आंबील खाते, मऊ भात खाते, पाव हिसकावून घेते आणि संध्याकाळी मी घरी आले की अंगावर पिते. वजन तिच्या वयाला हवं तेवढं आहे. मला दुखत नाही.